सनद कुणाच्या नावावर? मुंबई-ठाण्याच्या त्वचाशास्त्राचा दीडशे वर्षांचा हिशेब

१८७४ या एकाच सालात मुंबईत दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात डॉ. भाऊ दाजी लाड वारले. आणि त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजातले डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचा कुष्ठरोगावरचा सचित्र ग्रंथ लंडनमध्ये छापून आला. एकाच शहरातल्या या दोन डॉक्टरांनी आयुष्याची कित्येक वर्षे एकाच आजाराच्या मागे घालवली होती. आज त्वचारोगाच्या इतिहासाचे कोणतेही जाडजूड पुस्तक उघडा, कार्टर यांचे नाव संदर्भात सापडते. भाऊ दाजींचे नाव भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयावर आहे, प्राच्यविद्येच्या इतिहासात आहे, पण त्वचाशास्त्राच्या संदर्भसूचीत ते शोधावे लागते.

भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. शिलालेख वाचणारे, नाणी पारखणारे, कालिदासावर निबंध लिहिणारे. या विषयांवरचे त्यांचे लेखन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात रीतसर छापून येत असे. कुष्ठरोगावरच्या औषधाबाबत मात्र त्यांनी वेगळी वाट धरली. पुरता पडताळा आल्याशिवाय औषध जाहीर करायचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लांबलांबून रुग्ण त्यांच्याकडे येत. गुप्त औषध वापरणे डॉक्टरी पेशाला शोभत नाही, अशी टीकाही त्यांच्यावर होत राहिली. ते गेल्यानंतर उलगडले, की त्या उपचाराच्या मुळाशी कडू कवठाच्या बियांचे तेल होते. पुढे १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत याच जातीच्या तेलांवर जगभरातल्या कुष्ठरोग्यांची मदार होती. औषधाची दिशा बरोबर होती, पण तिच्यावर लेखी सही नव्हती.

कार्टर यांची गोष्ट उलटी. ते डॉक्टर होते आणि हाताने चित्रकारही. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे त्यांचीच. १८५८ मध्ये तो ग्रंथ निघाला तेव्हा मुखपृष्ठावर कार्टर यांचे नाव ग्रे यांच्या नावापेक्षा बारीक टायपात छापले गेले. खुद्द ग्रे यांनीच प्रूफावर तशी दुरुस्ती केली होती. श्रेय कसे निसटते याचा धडा घेऊन हा माणूस मुंबईत आला आणि इथे पाहिलेले सगळे लिहून, रेखाटून, छापत गेला. १८७३ मध्ये तो नॉर्वेला जाऊन आला. त्याच वर्षी तिथे हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला होता. पायाला भोके पाडणाऱ्या ‘मदुरा फूट’ या आजाराला ‘मायसेटोमा’ हे नाव कार्टर यांनीच दिले आणि त्याच्या मागे बुरशी आहे हे मुंबईत बसून मांडले. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित आजारांच्या यादीत मायसेटोमाचा समावेश केला, तो याच नावाने.

या दोघांची तुलना करून एकाला मोठा आणि दुसऱ्याला छोटा ठरवण्याचा माझा हेतू नाही. माझा प्रश्न आजचा आहे. त्वचाशास्त्रात आज दरवर्षी हजारो शोधनिबंध निघतात. कोणता निबंध किती जणांनी संदर्भ म्हणून वापरला, याची मोजदाद होते. त्या आकड्यावर प्राध्यापकांच्या बढत्या, नियतकालिकांची पत आणि संशोधनाचा पैसा अवलंबून असतो. हा आकडा नेमके काय मोजतो? आणि मुंब्रा, कल्याण, भिवंडी, डोंबिवलीच्या कातडीवर जे चालले आहे, ते त्या आकड्यात कुठे बसते?

रावी आणि सनद

हदीसच्या शास्त्राशी ज्यांचा थोडा परिचय आहे, त्यांना संदर्भ देण्याची शिस्त नवी वाटणार नाही. मजकुराआधी सनद येते. अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने त्याच्या उस्तादाकडून. या साखळीतल्या प्रत्येक रावीची चौकशी करणारी ‘अस्मा-उर-रिजाल’ ही विद्याशाखाच उभी राहिली. माणूस खरा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का? संख्येलाही तिथे मान आहे. प्रत्येक पिढीत खूप जणांनी सांगितलेल्या रिवायतीला ‘मुतवातिर’ म्हणतात. पण बाकीच्या रिवायतींच्या बाबतीत संख्या पुरेशी मानली जात नाही, तिथे प्रत्येक कडी तपासावी लागते.

हकीमांनीही ही शिस्त उचलली. अबू बक्र राझी यांच्या ‘अल-हावी’ या प्रचंड संग्रहात ग्रीक, सिरियाई, भारतीय वैद्यांची मते त्यांच्या त्यांच्या नावाने नोंदवलेली आहेत. स्वतःचे निरीक्षण आले की राझी आधी एक छोटा शब्द लिहितात, ‘ली’, म्हणजे ‘माझे’. दुसऱ्याचे कोणते आणि आपले कोणते, याचा इतका सुटसुटीत हिशेब आजही अनेक प्रबंधांत दिसत नाही. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे सविस्तर मांडणारी त्यांची पुस्तिका त्वचेवरच्या लक्षणांच्या बारीक वाचनावरच उभी आहे.

आता खरजेचे उदाहरण घ्या. खरूज एका बारीक किड्यामुळे होते, हे आज शाळकरी मूलही सांगेल. दहाव्या शतकात अबुल हसन तबरी यांनी त्या किड्याचे वर्णन केले. बाराव्या शतकात सेव्हिलचे इब्न जुहर यांनीही केले. युरोपात १६८७ मध्ये बोनोमो या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या किड्याचे चित्र छापले. तरीही तिथल्या बड्या डॉक्टरांना दीडशे वर्षे ते पटत नव्हते. १८३४ मध्ये रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये सगळ्यांसमोर सुईच्या टोकाने रुग्णाच्या कातडीतून किडा काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. रेनुची हे कुठे शिकला? कॉर्सिकातल्या आपल्या गावाकडे बायका असाच किडा टोचून काढताना त्याने पाहिले होते. पुस्तकांत त्याचे नाव राहिले. ज्या बायकांच्या हातात ही विद्या होती, त्यांच्यापैकी एकीचेही नाव सनदेत नाही.

दुसरे उदाहरण पांढऱ्या डागांचे. मराठीत कोड, उर्दूत बरस. हजरत ईसांनी अल्लाहच्या हुकमाने ज्यांना बरे केले, त्यांत कुरआनने ‘अबरस’चा उल्लेख केला आहे, इतका हा आजार माणसाच्या जुन्या दुःखांपैकी आहे. तेराव्या शतकातल्या इब्न बैतार यांनी आपल्या वनस्पतिकोशात लिहून ठेवले, की नाईलच्या खोऱ्यात उगवणाऱ्या एका झुडपाचे बी पोटात घेऊन डाग उन्हात धरले तर रंग परततो. आपल्याकडे वैद्य आणि हकीम दोघेही हेच काम बावचीच्या बियांकडून करून घेत. १९४० च्या दशकात कैरोच्या डॉ. अल-मुफ्ती यांनी त्याच इजिप्शियन झुडपातून काढलेले द्रव्य कोडाच्या रुग्णांवर वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तेच द्रव्य कृत्रिम अतिनील किरणांसोबत सोरायसिससाठी वापरले आणि ‘पुवा’ ही उपचारपद्धती जगभर गेली. इथे साखळी सात शतके टिकली, कारण इब्न बैतारांनी लिहून ठेवले होते. भाऊ दाजींच्या कडू कवठाला ते भाग्य मिळाले नाही.

मोजणी कशी सुरू झाली

संदर्भांची आधुनिक मोजणी त्वचाशास्त्रातून आलेली नाही. डॉक्टरांच्याही आधी ती वकिलांकडे होती. कोणत्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या निकालात घेतला, याची सूची अमेरिकेत १८७३ पासून छापली जात होती. तिच्यावरून युजीन गारफील्ड यांना कल्पना सुचली. १९५५ मध्ये त्यांनी ती ‘सायन्स’मध्ये मांडली आणि १९६० च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू झाली. एखादे नियतकालिक या सूचीत घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी त्यांनी एक सोपे माप काढले. तेच ‘इम्पॅक्ट फॅक्टर’.

हिशेब साधा आहे. एका नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत २०० लेख छापले आणि या वर्षी जगभरच्या लेखांत त्यांचे ३०० उल्लेख झाले, तर इम्पॅक्ट फॅक्टर झाला दीड. हे माप नियतकालिकाचे होते. हळूहळू ते माणसाला लावले जाऊ लागले. ज्याचा लेख मोठ्या आकड्याच्या नियतकालिकात, तो मोठा संशोधक. हदीसच्या भाषेत सांगायचे तर रावीची चौकशी सोडून तो कोणत्या मशिदीत बसतो एवढेच विचारायला सुरुवात झाली. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-संशोधकांनी याविरुद्ध जाहीरनामाच काढला. माणसाचे काम त्याच्या लेखातल्या मजकुरावरून जोखा, नियतकालिकाच्या आकड्यावरून नको, असे त्याचे सार आहे.

दोन वर्षांच्या मुदतीतही एक मेख आहे. ज्या विषयावर खूप जण, खूप पैशाने, भराभर लिहीत असतात, त्यातले संदर्भ दोन वर्षांत जमतात. ज्या आजारावर मोजके लोक काम करतात आणि ज्याचे रुग्ण वर्षानुवर्षे बघावे लागतात, त्याचा लेख सावकाश पोचतो. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या नळीत आजही वाढवता येत नाही आणि लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत पाच-पाच वर्षे, कधी त्याहून जास्त काळ जातो. या आजाराच्या अभ्यासाला दोन वर्षांची फूटपट्टी कशी पुरावी?

मुंबईने लिहिले, जगाने वाचले

एक काळ असा होता की कुष्ठरोगाच्या अभ्यासात मुंबईचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नसे. १८९० मध्ये पालिका आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे केले. हेच ते अ‍ॅक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून छापले. ते आश्रयस्थान आज वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. १९३५ मध्ये डॉ. यू. बी. नारायण राव यांनी मुंबईतून गुप्तरोगांवरचे एक नियतकालिक सुरू केले. त्यात पुढे त्वचारोग आले आणि १९७६ पासून कुष्ठरोगही नावात आला. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांचे मुख्य नियतकालिक ते हेच.

परळला टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर कर्करोगाइतकेच कुष्ठरोगासाठी ओळखले जात. आजाराच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यात, नसांच्या आसपास नेमके काय घडते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहून १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्याच संस्थेत १९५८ मध्ये डॉ. कमल रणदिवे आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या गाठींमधून जंतूंचा एक वाण वेगळा केला. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या बाईंनी जीवशास्त्राचे केवढे काम केले, हे आपल्या मुलींना सांगायला हवे. त्या वाणापासून लस तयार झाली. तमिळनाडूत दीड लाखाहून अधिक लोकांवर चार वेगवेगळ्या लसींची तुलना झाली. १९९८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मुंबईच्या या लसीचा संरक्षक परिणाम सुमारे ६५ टक्के, चौघींत सर्वांत वरचा होता. तरीही ती सरकारी लसीकरणात आली नाही.

का? एक कारण असे की तोवर जगाचे लक्ष वळले होते. १९८१-८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. वर्ध्यासारख्या जिल्ह्यांत तो आधी पोचला आणि मग देशभर गेला. सहा महिने किंवा वर्षभर फुकट मिळणाऱ्या गोळ्या घेऊन माणूस बरा होऊ लागला. यश खरे होते, मोठे होते. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले आणि कुष्ठरोग ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून’ दूर झाल्याचे जाहीर झाले. वाक्यातला तो मधला तुकडा लवकरच गळून पडला आणि ‘कुष्ठरोग संपला’ एवढेच लोकांच्या, पुढाऱ्यांच्या आणि पैसा देणाऱ्यांच्या कानात राहिले. संपलेल्या आजारावर कोण संशोधन करणार? तरुण डॉक्टर दुसरीकडे वळले. २०२२ मध्ये जगभर सापडलेल्या सुमारे पावणेदोन लाख नव्या रुग्णांपैकी एक लाखाहून अधिक भारतात होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

कल्याणच्या पत्रीपुलाजवळ हनुमान नगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. डोंबिवलीहून कल्याणला रस्त्याने येणारे रोज तिच्या आसपासून जातात. तिथल्या कुटुंबांसाठी वर्षानुवर्षे काम करणारे गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, मुलांच्या शाळेची सोय लावणे, अशा कामाला संदर्भसूचीत जागा नसते. संशोधनातून आलेली गोळी जंतू मारते, पण मेलेल्या नसा परत आणत नाही. बधिर पायाला जखम होऊ न देण्याचे काम आयुष्यभर उरते आणि ते असेच कुणीतरी करत असते.

शोधनिबंध छापून आल्यावर समाजात उतरायला किती काळ घेतो, याचे एक उदाहरण आपल्या कायद्यातच आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा कुष्ठरोग हे फस्खचे एक कारण होते. हिंदू आणि ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यांतही कुष्ठरोग घटस्फोटाचे कारण होता. एकत्रित औषधांनी माणूस बरा होतो, हे १९८० च्या दशकात सिद्ध झाले. हे कलम या सगळ्या कायद्यांतून वगळले गेले २०१९ मध्ये. म्हणजे वैद्यकातले ज्ञान संसदेपर्यंत पोचायला साडेतीन दशके लागली. आपल्या निकाहाच्या बैठकांपर्यंत ते अजून पोचलेले नाही. तिथे आजही कोडाला कुष्ठरोग समजून स्थळे मोडतात. कोड संसर्गजन्य नाही, त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो आणि तिथे स्पर्श कळत नाही. कोडाचा डाग पूर्ण पांढरा असतो आणि तिथे स्पर्श, टोचणे सगळे कळते.

केस आणि चट्टे

मग आज आपल्या भागातून संशोधन होत नाही का? होते, आणि जगभर वाचलेही जाते. मध्य रेल्वेने कल्याण-ठाण्याचे रुग्ण ज्या शीवच्या लोकमान्य टिळक पालिका रुग्णालयात उतरतात, तिथल्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. टक्कल पडू लागलेले शंभर पुरुष, दोन गट, बारा आठवडे. एका गटाला फक्त मिनॉक्सिडिल, दुसऱ्याला त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा बारीक सुयांचे रूळ डोक्यावरून फिरवणे. ठरावीक जागेत दुसऱ्या गटाचे केस सरासरी ९१ ने वाढले, पहिल्याचे २२ ने. भारतातून निघणाऱ्या एका छोट्या नियतकालिकात छापलेला हा लेख. केसगळतीवर लिहिणारे जगभरातले संशोधक आजही त्याचा दाखला देतात.

या कामाचे कौतुकच करायला हवे. साधी कल्पना, नीट आखणी, सार्वजनिक रुग्णालय आणि इम्पॅक्ट फॅक्टरच्या उतरंडीत मोठ्या नसलेल्या नियतकालिकातून मिळालेली मान्यता. चांगला लेख कुठेही छापला तरी पोचतो, हे यातून दिसते. पण त्याला इतके वाचक का मिळाले, याचेही उत्तर शोधले पाहिजे. टक्कल न्यूयॉर्कमध्येही पडते, सोलमध्येही, आणि तिथे त्यावर खर्च करणारी माणसे आहेत. हनुमान नगरच्या बधिर पायावर तितक्याच काळजीने केलेल्या अभ्यासाला तेवढे वाचक मिळणार नाहीत. संदर्भांचा आकडा कामाचा दर्जा काही प्रमाणात सांगतो. त्याहून जास्त तो सांगतो, की त्या आजाराचे रुग्ण कुठे राहतात आणि त्यांच्या खिशात किती पैसे आहेत.

गजकर्णाचा जगप्रवास

याला एक अपवाद घडला, आणि तो आपल्या जांघेतून, कमरेतून, काखेतून घडला. गजकर्ण, नायटा, उर्दूत दाद. इंग्रज शिपाई याला ‘धोबी इच’ म्हणत. घाम त्यांचा, दमट हवा मुंबईची, बुरशी कुणाचीही, पण दोष कपडे धुणाऱ्या धोब्याला. नाव देण्यात सत्ता असते ती अशी.

गेल्या पंधरा वर्षांत हा साधा आजार साधा राहिला नाही. मलम लावून दोन आठवड्यांत जाणारे गजकर्ण महिनोन्‌महिने टिकू लागले, घरातल्या सगळ्यांना होऊ लागले, चेहऱ्यावर चढू लागले. भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कारीगर, लोकलच्या गर्दीत घामाने भिजलेला डोंबिवलीकर, एका खोलीत सहा जण राहणारे मुंब्र्याचे कुटुंब, एकच टॉवेल, न वाळलेले कपडे. बुरशीला आणखी काय हवे?

तिला आणखी एक मदतनीस मिळाला, औषधाच्या दुकानातली वीस-तीस रुपयांची ट्यूब. तिच्यात बुरशीचे औषध असते, जंतूंचे असते आणि जोरकस स्टेरॉइडही असते. स्टेरॉइडने खाज आणि लाली एका रात्रीत उतरते, माणूस खूश होतो. पण तेच स्टेरॉइड कातडीची लढण्याची ताकद दाबून टाकते आणि बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोराने उसळते. चट्ट्याचे रूप इतके बदलते की डॉक्टरलाही गजकर्ण ओळखू येत नाही. गोरेपणासाठी हीच मलमे मुलींच्या चेहऱ्यावर लागतात, आणि कातडी पातळ होऊन लाल शिरा, पुरळ, केस उगवणे सुरू होते.

आपल्या डॉक्टरांनी याची नोंद वेळेवर केली. २०११ मध्ये देशातल्या १२ केंद्रांतला अभ्यास त्याच, मुंबईत जन्मलेल्या नियतकालिकात आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरने दिलेलेच नव्हते. संघटनेने मोहीम उघडली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा आदेश काढला. त्याच वर्षी दिल्लीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की टर्बिनाफिन या मुख्य औषधाला ही बुरशी दाद देत नाही, कारण तिच्या एका जनुकात बदल झाला आहे.

२०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या कातडीवरून मिळालेल्या या बुरशीला स्वतंत्र नाव दिले, ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन रुग्णांची बातमी अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिकात आली आणि एकदम जगाचे लक्ष वेधले गेले. भारतीय डॉक्टर कित्येक वर्षे जे लिहीत होते, त्याचे दाखले आता सगळीकडे दिले जाऊ लागले.

यात समाधान आहे आणि टोचणीही आहे. समाधान याचे, की लिहून ठेवले होते म्हणून दाखला देता आला. टोचणी दोन गोष्टींची. आजारांना देशांची, गावांची नावे देऊ नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितले होते. बुरशीच्या शास्त्रीय नावाला ते लागू नाही असे म्हणता येईल, पण ‘धोबी’ जाऊन ‘इंडो’ आले, एवढे खरे. दुसरी टोचणी मोठी आहे. आपल्या लाखो लोकांची खाज जगाच्या दृष्टीने संशोधनाचा तातडीचा विषय झाली, ती न्यूयॉर्कला पोचल्यावर.

सनदेतली शेवटची कडी

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोगांना जागतिक आरोग्याचा प्राधान्याचा विषय मानणारा ठराव केला. कुष्ठरोग, खरूज, मायसेटोमा यांच्यासारख्या गरिबांच्या आजारांकडे एकत्र पाहायचे धोरण त्याआधी २०२२ मध्ये आले होतेच. वारा थोडा फिरतो आहे. या वेळी आपल्या भागातून काय लिहिले जाईल?

कळव्याला ठाणे महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये आहेत. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जेवढे गजकर्ण आणि खरूज एका आठवड्यात दिसते, तेवढे युरोपातल्या एखाद्या नामांकित केंद्राला वर्षातही दिसत नसेल. प्रत्येक रुग्ण कोणती ट्यूब, किती दिवस, कुणाच्या सांगण्यावरून लावून आला, हे एका वहीत सलग लिहिले तरी त्यातून भक्कम निबंध उभा राहील. तो छोट्या नियतकालिकात आला तरी चालेल, शीवच्या लेखाने ते दाखवले आहे.

आणि तो निबंध इंग्रजीत थांबता कामा नये. स्टेरॉइडवरचे सगळे उत्तम लेखन इंग्रजीत आहे, ट्यूबवरचा बारीक मजकूर इंग्रजीत आहे, आणि ट्यूब लावणारी आई उर्दू किंवा मराठी वाचते. मी याच दोन भाषा शिकवतो. ‘दाद’, ‘नायटा’, ‘बरस’, ‘कोड’, ‘जुजाम’, ‘रक्तपिती’ या शब्दांचा एकेक तास घेतला, कोणता आजार लागट आहे आणि कोणता नाही हे मुलांच्या वहीत त्यांच्या भाषेत उतरले, तर ते घरी पोचते. फिकट आणि बधिर चट्टा दिसला तर पालिकेच्या दवाखान्यात जा, गोळ्या फुकट आहेत आणि आजार पूर्ण बरा होतो. गजकर्णावर दुकानदाराने दिलेली ट्यूब लावू नका, टॉवेल वेगळा ठेवा, घरातल्या सगळ्यांना एकदम दाखवा. ही चार वाक्ये खानोलकरांपासून दिल्लीच्या जनुकशास्त्रज्ञांपर्यंत सगळ्यांच्या कामाचा निचोड आहेत.

हदीसच्या सनदेत शेवटचा रावी तो, ज्याने ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष सांगितले. तो कच्चा निघाला तर वरची सगळी साखळी, कितीही मोठ्या नावांची असो, ऐकणाऱ्याच्या उपयोगाची राहत नाही. त्वचाशास्त्राच्या साखळीत मुंबईपासून टोकियोपर्यंतच्या कड्या आता जुळल्या आहेत. मुंब्रा-कल्याणच्या घरापर्यंतची शेवटची कडी शिक्षक, दवाखान्यातली परिचारिका, आशाताई आणि औषधाचा दुकानदार यांची आहे, आणि ती जोडायला कोणताही इम्पॅक्ट फॅक्टर लागत नाही.